खालीचं नाव काढलं

मी दिवसभर हिंदी बोलते आणि डोक्यात मराठी ठेवते. उज्जैनमध्ये आम्हा सगळ्यांचं असंच आहे, त्यात काही बिघडत नाही असं मला वाटायचं. बिघडलं ते एका शब्दानं.

टावर चौकाच्या मागे आमच्या शाळेचं दुमजली ऑफिस. कॉम्प्युटर आले तेव्हा ते सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, त्यांना नावंही मीच दिली. वरच्या मजल्यावर ‘वर-एक’, ‘वर-दोन’, आणि तळमजल्यावर काकूंच्या टेबलावरचा एकटा, म्हणून तो ‘खाली’. रोमन अक्षरांत, KHALI. काकू म्हणजे आमच्या रेकॉर्डच्या बाई. जुन्या विद्यार्थ्यांची रजिस्टरं वाळवीनं खाल्ली होती, ती त्यांनी चष्मा पुसत पुसत दोन वर्षं टाइप केली. मूळ रजिस्टरं रद्दीत घालायला मीच लावली. “काकू, यात टाकलेलं कुठे जात नाही,” असं तोंड वर करून सांगितलं होतं मी.

इकडे नेटवर्कच्या यादीत भंगारात गेलेल्या मशीनचीही नावं दिसत राहायची. लोक त्यांच्यावर क्लिक करून बसायचे आणि मग माझ्या नावानं खडे फोडायचे. नव्या हेडमास्तर सरांनी यादी साफ करायला सांगितली. देवास गेटच्या दुकानातून कॉम्प्युटरचा मेकॅनिक बोलावला. नेमकं त्याच दिवशी आईला नानाखेड्याला डोळे दाखवायला न्यायचं होतं, म्हणून मी त्याच्यासाठी हिंदीत चिठ्ठी ठेवली: लिस्ट में जो खाली हैं, वो नाम हटा दें. हिंदीत खाली म्हणजे रिकामं; ज्यांच्यामागे मशीनच उरलेलं नाही, ती नावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पासवर्ड टाकतायत आणि मशीन आत घेईना. इंग्रजीत काहीतरी येत होतं. “काय म्हणतंय गं हे?” त्यांनी विचारलं. मी पुढे वाकून वाचलं. या मशीनचा आणि सर्व्हरचा, म्हणजे सगळ्यांचे पासवर्ड तपासणाऱ्या मुख्य मशीनचा, भरवसा तुटला, असं लिहिलं होतं.

मेकॅनिकला फोन लावला, आवाज चढवूनच. तो शांतपणे म्हणाला, “मैडम, आपने ही तो लिखा था, खाली हटा दो.” त्यानं यादीतून काकूंचं KHALIच काढून टाकलं होतं. माझीच मराठी, माझीच हिंदी, दोष कुणाला देणार! वर म्हणतो, मशीनचा स्वतःचा पासवर्ड माहीत नसेल तर फॉर्मेट मारावं लागेल, म्हणजे आतलं सगळं पुसून. तो पासवर्ड कॉम्प्युटर बसवून गेलेल्या माणसाबरोबरच गेलेला. आणि दुसरी कॉपी? मी काढलेलीच नव्हती. आज काढू, उद्या काढू करत राहिले, मूर्खासारखी. मी त्याला म्हटलं, हात लावू नका.

शनिवारी काकू रिटायर होणार होत्या. त्या खुर्चीत बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. दोन वर्षांचं काम माझ्या एका चिठ्ठीत गेलं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

मग आठवलं, मशीन नाकारतंय ते सर्व्हरला विचारून. विचारायची सोयच नसेल तर? टेबलाखाली वाकून मी नेटवर्कची वायर उपटली. काकूंना पुन्हा पासवर्ड टाकायला सांगितलं. एकदा चुकलाच. दुसऱ्यांदा मशीननं जुन्या ओळखीवर त्यांना आत घेतलं. फाइल उघडली. सगळी नावं होती. मी आधी पेन ड्राइव्ह लावला, कॉपी पूर्ण होईपर्यंत श्वाससुद्धा जपून घेतला, आणि मग खरं काय झालं ते काकूंना सांगून टाकलं. चिठ्ठीसकट.

काकूंनी चष्मा काढून पुसला.

“नाव काढलंस हो माझं,” त्या म्हणाल्या. “शनिवारपर्यंत तरी थांबायचंस.”

त्या हसत होत्या. मला मात्र तिथेच, उपटलेली वायर हातात धरून, रडू आलं.