दुपारी एक ते चार लिफ्ट बंद

परवा फोनवर तुम्ही दोघं कुरकुरत होतात. तुमच्याकडच्या वीज कंपनीने छपरावरची जादा वीज विकत घ्यायचा दर उतरवला आणि संध्याकाळच्या विजेचा चढवला. आता बॅटरी घ्यावी की नाही यावर तुमच्याकडे रोज जेवताना वाद चालतो, असं म्हणालात. मी हसले, तेव्हा तुम्हाला वाटलं की आजीला काही कळलं नाही. मला चांगलं कळलं. हाच वाद आमच्या परळच्या इमारतीत गेलं वर्षभर चालला होता, आणि त्यात माझी मैत्रीण मला सोडून कल्याणला जायच्या बेतात होती. सगळं फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे.

आमची लिफ्ट तुम्हाला आठवत असेल. लोखंडी जाळीचे दोन दरवाजे; लहानपणी तुम्ही तिला पिंजरा म्हणायचात. दरवाजा जोर लावून ओढल्याशिवाय लागत नाही, आणि लागला की तळमजल्यापर्यंत खडखडाट होतो. तिच्याशेजारी लाल अक्षरांची पाटी होती : ‘दुपारी एक ते चार लिफ्ट बंद. वीज वाचवा.’ तुमचे बाबा शाळेत जायच्या आधीपासून ती तिथे होती. पाटीप्रमाणे लिफ्ट बंद करायचं काम तळमजल्यावरच्या सेक्रेटरींकडे. जेवण झालं, हात धुतला की ते बनियनवरच बाहेर यायचे, बटण बंद करायचे, डबीला कुलूप लावायचे आणि किल्ली लेंग्याच्या खिशात टाकायचे. चार वाजता चहाच्या आधी पुन्हा चालू. आम्ही सगळे त्या वेळांना इतके सरावलो होतो की पाहुण्यांनासुद्धा फोनवर आधी सांगायचो, एकच्या आत या नाहीतर चारनंतर.

माझी मैत्रीण पाचव्या मजल्यावर राहते. इथल्याच हॉस्पिटलात तिने उभा जन्म नर्सची नोकरी केली, म्हणून सगळी इमारत तिला सिस्टर म्हणते. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून मी बाई. आम्ही निवृत्त झाल्यापासून ती रोज तीन वाजता दुसऱ्या मजल्यावर माझ्याकडे यायची आणि आम्ही इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं सोडवायचो. साधे शब्द माझे, हाडांची आणि औषधांची नावं तिची. येताना ती जिना उतरायची, जाताना चारची लिफ्ट. चारनंतर माझ्याकडे शिकवणीची मुलं येतात आणि तिला विहारात जायचं असतं. सकाळी दोघींची चूल. म्हणजे आम्हाला दिवसातला तो एकच तास होता.

मग तिच्या गुडघ्यांनी संप केला. डॉक्टरांनी जिना बंद म्हणून सांगितलं. चढण्यापेक्षा उतरणं वाईट म्हणाले. आमची बैठक मोडली. काही दिवस आम्ही फोनवर कोडं सोडवलं, पण त्यात मजा नव्हती. एकमेकींची चूक पकडल्यावर समोरचीचा चेहरा दिसायला हवा. तिकडे तिचा मुलगा कल्याणहून रोज विचारायचा की आई, पाचव्या मजल्यावर बसून काय करतेस, इथे लिफ्ट दिवसभर चालू असते. शेवटी ती मला म्हणाली की महिनाभर जाऊन बघते, नाही करमलं तर येईन परत. असे महिने मी पाहिलेले आहेत. माणूस आधी कपडे नेतं, मग भांडी नेतं.

या आधीच आमच्या गच्चीवर सोलर आलं होतं. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचं सामायिक बिल असतं, तेवढ्यापुरतं. सरकारी अनुदान होतं, त्यामुळे सेक्रेटरींनी सगळ्यांच्या मागे लागून ते बसवून घेतलं. पहिलं वर्ष झकास गेलं. दिवसा जादा झालेली वीज कंपनीकडे जायची आणि रात्री आम्ही वापरलेल्या विजेतून वजा व्हायची. बिल इतकं खाली आलं की सेक्रेटरींनी ते नोटीस बोर्डावर लावलं, परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचं प्रगतिपुस्तक लावावं तसं.

मग दरांची पद्धत बदलली. दिवसा ऊन असतं तेव्हाची वीज स्वस्त, संध्याकाळची महाग. आणि दिवसा दिलेली वीज संध्याकाळच्या वापरातून वजा होईना. शिवाय शेजारच्या टॉवरची सावली साडेतीनलाच आमच्या गच्चीवर येते, म्हणजे संध्याकाळसाठी आमच्या सोलरचा काही उपयोग नाही. बिल पुन्हा चढलं. बोर्डावरचं प्रगतिपुस्तक कधी खाली उतरलं ते कुणी पाहिलं नाही.

सेक्रेटरींनी रविवारी सकाळी सभा बोलावली. खालच्या पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. बॅटरी विकणारा एक गृहस्थ आला होता. दिवसाची वीज साठवा, संध्याकाळी वापरा, असं त्याने चित्रं दाखवून समजावलं. बॅटरी जिन्याखाली, सत्यनारायणाचे चौरंग आणि पाट ठेवतो तिथे बसणार होती. अनुदान बॅटरीला आहे का, असं मी विचारलं. नव्हतं. मग त्याने किंमत सांगितली. मुंबईत दिवे जातात कितीसे, म्हणून एकाने विषय झटकला. दर पुन्हा बदलले तर बॅटरीचं काय करायचं, लोणचं घालायचं का, असं दुसऱ्याने विचारलं. गृहस्थ चहा पिऊन गेला.

तेव्हा सेक्रेटरींनी आपला उपाय काढला. संध्याकाळची वीज महाग, तर लिफ्ट सात ते नऊसुद्धा बंद ठेवू. यावर मात्र गोंधळ झाला. तिसऱ्या मजल्यावरची सून आठ वाजता ऑफिसातून येते. पोर कडेवर, पिशवी खांद्यावर आणि भाजी हातात घेऊन मी चढणार नाही, असं तिने सरळ सांगितलं. चौथ्या मजल्यावरचे आजोबा तर उभेच राहिले.

सिस्टर एरवी सभेला येत नसे. त्या दिवशी आली होती, कारण कल्याणला जायच्या आधी देखभालीच्या पैशांचं पुढच्या महिन्याचं काय ते सांगून जावं असं तिच्या मनात होतं. तिने हात वर केला, वॉर्डात करतात तसा, फक्त दोन बोटं.

“सेक्रेटरी, मला एवढंच सांगा. सगळ्यात जास्त वीज आपल्या गच्चीवर कधी तयार होते?”

“दुपारी. बारा ते साडेतीन.”

“आणि तेव्हा आपण काय करतो?”

आम्ही सगळ्यांनी पाटीकडे बघितलं. ती सेक्रेटरींच्या डोक्याच्या मागेच होती.

“म्हणजे घरची वीज असते तेव्हा आपण लिफ्टला कुलूप लावतो,” सिस्टर म्हणाली, “आणि विकतची घ्यायची वेळ झाली की उघडतो. वॉर्डात मी असं केलं असतं तर मेट्रनने मला घरी पाठवलं असतं.”

लोक हसले. मीही संधी घेतली. दुपारची लिफ्ट उघडा, पंप पहाटेऐवजी अकरा वाजता लावा, खालच्या टाकीत पाणी असतंच, आणि जिन्यातले दिवे माणूस आलं की लागणारे करा. दर स्थिर झाले की मग बॅटरीचं बघू, असं मी ओळीने सांगितलं. शिकवण्याची सवय जात नाही. बहुतेकांना पटलं. पण सेक्रेटरींना पटेना. आधी म्हणाले, दुपारी पोरं लिफ्टमध्ये खेळतात. इमारतीत आता खेळायच्या वयाचं पोर उरलंय कुठे, ती सगळी परगावी नाहीतर क्लासला. मग म्हणाले, मोटर तापते, तिला विश्रांती हवी. मग म्हणाले, पाटी जुन्या कमिटीने लावली आहे, वाडवडिलांचा नियम आहे.

त्यांच्या बायकोचं माहेर मालवणकडचं. ती दारात उभी राहून कोथिंबीर निवडत ऐकत होती. तिथूनच म्हणाली, “खरां सांगा ना सगळ्यांका. लिफ्टीचो दरवाजो वाजलो की तुमची झोप मोडता.”

सेक्रेटरी लाजले. इतक्या वर्षांत मी त्यांना लाजताना पाहिलं नव्हतं. त्यांची खाट लिफ्टच्या भिंतीला लागून आहे. ते मिलमध्ये रात्रपाळी करायचे तेव्हापासून दुपारची झोप ही त्यांची खरी झोप. पाटी जुन्या कमिटीची खरी, पण कमिटीत तेव्हाही तेच होते. आम्ही सगळे वीज वाचवत होतो आणि वाचत होती ती झोप. कुणी त्यांना टोचून बोललं नाही. रात्रपाळीची घरं आमच्या इमारतीत जवळजवळ सगळीच होती. बाप झोपलाय म्हणून दुपारभर कुजबुजत वाढलेली माणसं त्या खुर्च्यांवर बसली होती.

सिस्टर उठून त्यांच्याजवळ गेली. “दरवाज्याला रबराची पट्टी लावून घ्या,” ती म्हणाली. “आणि कापसाचे बोळे मी देते. नाइट ड्युटी करून दिवसा झोपणाऱ्या पोरींना मी तेच द्यायची.”

“आणि तरी झोप नाही लागली तर?”

“तर वर या. आम्ही दोघी कोडं सोडवतो, ते बघत बसलात की हमखास लागेल.”

महिनाभर करून बघायचं ठरलं. सिस्टरने मुलाला कळवलं की तीही तेवढा महिना थांबून बघते. रबराची पट्टी बसली. खडखडाट गेला, नुसता ठप् असा आवाज उरला. पंपाचं मात्र आमच्या लक्षात आलं नव्हतं. तो सेक्रेटरींच्या खिडकीखालीच आहे आणि अकराला सुरू झाला की पाऊण तास गुरगुरतो. पण तेव्हा ते देवपूजेत असतात, आणि देवाने अजून तक्रार केलेली नाही. बिल पहिल्या वर्षाइतकं खाली आलं नाही, पण उतरलं. ते पुन्हा बोर्डावर लागलं आहे, या वेळी जरा कोपऱ्यात.

तुमच्या बॅटरीबद्दल मी काय सांगणार? तुमच्याकडे वीज जाते, वादळं होतात, तुम्ही हिशोब करून ठरवा. फक्त त्याआधी तुमचं कपडे धुण्याचं यंत्र संध्याकाळी का लागतं आणि ते कुणाच्या सोयीसाठी, ते घरात एकदा विचारा. हसू नका. आमच्याकडे विचारायला चाळीसएक वर्षं लागली.

पाटी काढायची कुणाची हिंमत झाली नाही. सेक्रेटरींनी स्वतःच तिच्यावर कॅलेंडर टांगलं आहे. आता तीन वाजायला आलेत. पेपर उघडून ठेवला आहे, आडवे शब्द मी चोरून थोडे सोडवलेत. वर ठप् असं वाजलं. येतेय ती.