पान एकशे बारा

बुधवारी सकाळी बरोबर नऊ वाजून चाळीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. सासूबाईंची पापनाशमची बस सुटली, आणि माझी दीड वर्षाची येसू माझ्या कडेवर राहिली! नणंदेचं बाळंतपण, म्हणून सासूबाई तीन महिने तिकडे. नवरा पहाटेच तिरुवैयारूला कामावर जातो. दहाला माझी ड्यूटी. पोरीला ठेवू कुठे?

घेऊन गेले. दुसरं काय करणार?

मी इथे तंजावरला एका युनिव्हर्सिटीच्या मदत-खोलीत अटेंडर आहे. एम.ए., पीएच.डी. करणाऱ्यांत कुणाला दिसत नाही, कुणाला चालता येत नाही, कुणाच्या घरात आधी कुणी कॉलेजच पाहिलेलं नाही. त्यांचे फॉर्म, परीक्षेचे लेखनिक, हॉस्टेल, सगळं ह्या एका खोलीतून होतं. झाडणं, कापी म्हणजे कॉफी आणणं, फायली नेणं माझ्याकडे. अशा जागी किस्से कोपऱ्यातल्या धुळीसारखे साठतात, रोज झाडावं तरी रोज निघतात! बाकीचे पोट धरून हसतात. मला मात्र त्या वेळी कधीच हसू आलं नाही, कारण दारामागे सर्क्युलर चिकटवलेलं: कर्मचाऱ्यांनी मुलं आणू नयेत. माझी नोकरी वर्षावर्षाची. एक तक्रार गेली की संपलं!

* * *

पहिल्या दिवशी येसूला टेबलाखाली, ब्रेल प्रिंटरच्या रिकाम्या खोक्यात बसवलं. हातात इडलीचा तुकडा दिला. आमच्या अधिकारी सेल्वी मॅडम येऊन बसल्या आणि त्यांच्या पायाला काहीतरी ओलं लागलं. वाकून बघितलं.

"ही कुठली फाईल?"

"आत्ताच आली, मॅडम. नंबर द्यायचा राहिलाय."

मॅडमनी खोकं पायानेच हळूच आत सरकवलं.

"पेंडिंगमध्ये ठेव!"

* * *

आमची मेरी व्हीलचेअरवर असते. ओरत्तनाडूची, एम.फिल. झाली, आता पीएच.डी. करते. दोन वर्षं अर्ज करकरून तिने ऑफिसला रॅम्प मिळवला. उद्‌घाटनाच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, छान कोलम, आपली रांगोळी, काढ. मी सकाळी सहाला येऊन, येसूला पाठीशी बांधून, तांदळाच्या पिठाचा एवढा मोठा कोलम काढला. कुठे? रॅम्पवर!

रजिस्ट्रार सर आले, फीत कापली. पण कोलमवर पाय कोण देणार? सगळे शेजारच्या पायऱ्यांनी वर गेले. वर जाऊन टाळ्याही वाजवल्या. मेरी एकटी खाली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मेरी म्हणाली, "अक्का, काढलास तू, पुसू मी का? कोलम चांगला आहे गं, पण मला पंख नाहीत!"

आणि गेली सरळ वर. तिच्या चाकांच्या दोन पांढऱ्या रेघा व्हरांड्यातून थेट रजिस्ट्रार सरांच्या खोलीपर्यंत.

"माझ्या खोलीत कोण आलं होतं?" सर ओरडले.

वॉचमन अण्णा म्हणाले, "रॅम्प, सर!"

* * *

कदिर जन्मापासून आंधळा. पीएच.डी. करतो, जुन्या छत्रांत, म्हणजे धर्मशाळांत, वाटसरूंना जेवण कसं मिळायचं ह्यावर. त्याच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मवर खाली छापलेलं: अर्ज स्वतःच्या हस्ताक्षरात भरावा. मॅडमनी खूप सांगितलं, क्लार्क ऐकेना. रूल म्हणजे रूल!

कदिरने पेन मागितलं. कागदभर गोल गोल काहीतरी ओढलं आणि पुढे केलं.

"वाचा, सर."

"हे वाचता येत नाही!"

"मलाही नाही. आता आपण दोघे सारखे!"

* * *

त्याचा प्रबंध टाइप होऊन आला, तेव्हा नवीनच अडचण. कॉम्प्युटर त्याला इंग्लिश मोठ्याने वाचून दाखवतो. पण टायपिस्टने प्रबंध जुन्या तमिळ फॉण्टमध्ये केलेला. मशीन काही वाचेना, नुसती बडबड! तीन आठवड्यांवर व्हायव्हा. परीक्षक पान काढून विचारणार, आणि कुठल्या पानावर काय आलंय हे ह्याला माहीत नाही.

"अक्का, तुम्ही वाचा. मी फोनवर भरून घेतो."

"मी सातवी शिकले रे, तंबी, लहान भावा. मला काय झेपणार?"

"अक्षरं सातवीपर्यंत सगळी होतात ना? की आठवीत नवीन निघतात?"

वाचलं. दोनशे चाळीस पानं. प्रत्येक पानाआधी नंबर सांगायचा, मग वाचायचं. भिंतीपलीकडे कॅन्टीन, त्यामुळे मध्ये मध्ये ग्राइंडरची घरघर, पेले पडल्याचा आवाज. आणि आमची येसू! मी म्हटलं, पुसून परत वाचते. कदिर म्हणाला, वेळ कुठाय? राहू दे. मला तर रात्रंदिवस तीच धास्ती: हे कुणी ऐकलं तर?

* * *

एकदा रजिस्ट्रार सर न सांगता राऊंडला आले. खोकं त्याच दिवशी भंगारात गेलेलं! मेरीने हात पुढे केले, येसूला मांडीवर घेतलं आणि वरून ओढणी टाकली. सरांनी कपाटं बघितली, पंखा बघितला, खिडक्यांची जाळी बघितली. मेरीच्या बाजूने दोनदा गेले. ओढणी हलत होती.

सर गेल्यावर मेरी म्हणाली, "त्यांनी कधी माझ्याकडे धड बघितलं नाही, अक्का. पहिल्यांदाच त्याचा उपयोग झाला!"

* * *

मग व्हायव्हाचा दिवस. हॉल भरलेला. रजिस्ट्रार सर पहिल्या रांगेत. मी मागे कापीचा ट्रे धरून. येसू बाहेर अण्णांजवळ, निजलेली. मी दर मिनिटाला दाराकडे बघत होते.

मदुरैहून आलेले परीक्षक मोठे कडक. चष्मा वर करून म्हणाले, "पान एकशे बारावर जे लिहिलंय ते मला पटत नाही. काय लिहिलंय, ते तरी आठवतं का?"

कदिरने मान तिरपी केली.

"एक मिनिट, सर. शंभरावर ग्राइंडर थांबतं... एकशे आठवर पेले पडतात... मग मूल रडतं. हां! एकशे बारा."

आणि अख्खं पान म्हणून दाखवलं. वाटेने जाणाऱ्या लेकुरवाळ्या बायकांना छत्रात मुलासाठी दूध मिळायचं, ते पान. कुठली नोंद, कुठलं दप्तर, सगळं. परीक्षक बोट ठेवून ओळ ओळ बघत होते. एक शब्द चुकला नाही.

हॉल हसला. रजिस्ट्रार सर हसले नाहीत. मागे वळून म्हणाले, "मूल? युनिव्हर्सिटीत कुठलं मूल?"

सेल्वी मॅडम छताकडे बघायला लागल्या. मेरीने डोळे मिटले. मी ट्रे घेऊन दाराकडे सरकले.

आणि बाहेर येसू जागी झाली. असा टाहो फोडला, असा टाहो, की व्यासपीठावरचा माइकसुद्धा घुमला!

कदिरचा चेहरा उजळला. दाराकडे बोट करून म्हणाला, "हेच, सर! पान एकशे बारा!"

* * *

तर आपल्या मंडळींत एवढं सगळ्यांना सांगा. डॉक्टर कदिरच्या मागे आणखी चौघं प्रबंध घेऊन बसलेत. ज्यांना तमिळ मोठ्याने वाचता येतं त्यांना मदत-खोलीत पाठवा, दहा ते पाच. सातवी पुरते. घरी लहान मूल असेल तर घेऊनच यायला सांगा, दारामागचं सर्क्युलर आता निघालंय. खोकं आता मोठं आणलंय.