डॉक्टरांचा अर्धा शब्द

"पॅनिक अटॅक," यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले आणि मला त्यातला फक्त दुसरा शब्द ऐकू आला.

आमच्याकडे अटॅक म्हणजे एकच, हृदयाचा. माझी प्रज्ञा पंधरा वर्षांची, दहावीतली. सराव परीक्षेत तिची छाती धडधडली, हातापायांना मुंग्या आल्या, 'मी मरते' म्हणून ती ओरडली. ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, चांगला आला. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तीही चांगली. "धोका नसताना शरीराला खूप मोठा धोका वाटतो, तो पॅनिक अटॅक. यानं माणूस मरत नाही," डॉक्टरांनी समजावलं. मी मान हलवली. आणि घाटंजीला परतताना बसमधूनच नणंदेला फोन केला, "पोरीले अटॅक आला वं."

झालं! आठ दिवस घरात सफरचंदांची रास. येणारा प्रत्येक जण तिच्यासमोर कुजबुजत बोलायचा. मी सायकल बंद केली, जिना बंद केला, मग शाळाही. अंगणवाडीत दुसऱ्यांच्या लेकरांच्या आरोग्याच्या गोष्टी सांगणारी बाई मी; दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दिवसातून दहादा तिच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी बघायची. महिन्याभरात पोरगी न्हाणीची कडीही लावेना. आत मेले तर कळणार नाही, म्हणायची.

पुन्हा दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाहेरच्या बाकावर तास काढला. मग बाईंनी मला एकटीलाच आत बोलावलं. "ती तुमचा चेहरा बघून घाबरते, ताई." खूप राग आला. खरं होतं म्हणूनच आला.

दर आठवड्याला बोलायला यायचं ठरलं. शिवाय रविवारी धरणावर मुलांना कयाक शिकवतात, तिथं पाठवा म्हणाल्या. कयाक म्हणजे एकट्यानं बसायची निमुळती होडी, वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं. "हे औषध नाही, जोड आहे. हात एका लयीत चालले की श्वासही सावरतो. भीती आली तरी आपण पुढे जाऊ शकतो, हे अंगाला कळतं."

पाण्यात? माझ्या पोरीला? मी साफ नाही म्हणाले. रस्त्याला लागल्यावर प्रज्ञा म्हणाली, "मले जाऊ दे न आई." महिन्याभरात तिनं काही मागितलं ते हे पहिलंच.

पहिल्या रविवारी तिच्या लाईफ जॅकेटचे पट्टे मी तीनदा आवळले. शिकवणारे सर हसले, "ताई, श्वासापुरती जागा ठेवा."

चौथ्या रविवारी मधोमध तिचं वल्हं थांबलं. ती पुढे वाकली. मी ओळखलं. सर आपली होडी तिच्याशेजारी नेऊन नुसते थांबले. धरा तिला, आणा तिला, असं ओरडायला मी पुढे धावले, तोच हातांना मुंग्या आल्या, छाती अशी धडधडली की वाटलं, आता मीच मरते. मी काठावरच्या दगडांवर बसले.

किती वेळ गेला कोण जाणे. वल्हं हललं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

कमरेपर्यंत भिजलेली प्रज्ञा काठावर आली आणि माझ्याकडे बघून थबकली. मग खाली बसून तिनं माझ्या मनगटावर बोटं ठेवली. "आई, तुले बी तोच येऊन राह्यला. यानं माणूस मरत नाई. श्वास सोड, हळूहळू. मी आहो न इथं."

ती आता शाळेत जाते. अटॅक अजूनही येतात, मीही अजून घाबरते. समुपदेशन सुरू आहे. तुमच्या लेकराबद्दल डॉक्टर असं काही बोलले तर माझ्यासारखं अर्धं ऐकू नका, आणि गावाला तर अर्धं मुळीच सांगू नका. त्या बाईंचे आणि सरांचे उपकार मी विसरणार नाही.

त्या चौथ्या रविवारी संध्याकाळी मी नणंदेला फोन केला होता. धरण म्हणताच ती घाबरली, "पुन्हा अटॅक आला का वहिनी?"

"आला," मी म्हणाले, "मले. पोरीनं सांभाळलं."