मास्कमधला हुंकार

मसाकाच्या पंचक्रोशीत सालोंगो लुताया यांना कुणी कधी अर्धी विचारपूस करताना पाहिलेलं नाही. सालोंगो म्हणजे जुळ्यांचा बाप. बायको आपोआप नालोंगो. एकदा राजधानीची, कंपालाची बस सुटली, कंडक्टर दारात लटकून ओरडतोय, आणि हे रस्त्याकडेला एकाला विचारतायत, "बरं, सासुरवाडीचे कसे आहेत?" बस गेली. "बस उद्या येईल," म्हणाले. "माणूस दुखावला की वर्षभर येत नाही."

आमच्याकडे भेटीत आधी शब्द, आणि शब्द संपले की नुसते हुंकार. एकाने "म्म" म्हणायचं, दुसऱ्याने "एऽ", पुन्हा "म्म", आवाज हळूहळू खाली नेत. मधेच तोडेल तो उद्धट.

तर हे सालोंगो साठी उलटल्यावर फणसाच्या झाडावर चढले. पोरांना टिचकीचा आवाज कळत नाही, कच्चेच फणस उतरवतात, ही तक्रार. वर जाऊन टिचकी मारली, आवाज पसंत पडला. फांदीला मात्र ते पसंत पडले नाहीत.

इस्पितळात आणलं तेव्हा उजव्या बरगड्या मोडलेल्या, फुप्फुसाला मुका मार, आणि श्वास वरच्यावर. भूल देणारी नाकायेंगा धावत आली ती छोटं सोनोग्राफीचं यंत्र घेऊनच. छातीवर गार जेल चोपडलं आणि बरगड्यांमधून बघायला लागली.

सालोंगो धापा टाकत बायकोला म्हणाले, "ही पोरगी छातीला हात लावते... पण कसे आहात, विचारत नाही."

"तेच तर बघतेय, जाजा!" पडद्यावरून नजर न काढता ती म्हणाली. जाजा म्हणजे आजोबा. पण आमच्याकडे नात गुडघे टेकून बोलते, अशी उभ्याउभ्या नाही.

नालोंगोंनी पडद्यात डोकं घातलं.

"ही चमकती रेघ श्वासाबरोबर सरकतेय ना? म्हणजे फुप्फुसाबाहेर हवा साठलेली नाही. मास्क लावायला हरकत नाही. पण हे खाली बघा. कलेजीसारखं घट्ट. इथे हवा पोचतच नाहीये."

"कलेजी? हृदयाच्या शेजारी?" नालोंगो म्हणाल्या. "या माणसाचं काहीच जागेवर नसतं."

नाकातोंडावर घट्ट मास्क बसला. त्यातून सतत दाबाने हवा आत. नाकायेंगा दाब थोडा वाढवायची, पडद्यावर बघायची, पुन्हा थोडा वाढवायची. शेवटी त्या कलेजीत पांढरे ठिपके लुकलुकायला लागले. "उघडतंय!" ती ओरडली.

संध्याकाळी पाहिलं तर पुन्हा घट्ट. दाब वाढवला, सकाळी उघडलं. संध्याकाळी पुन्हा मिटलेलं. तिने नळ्या तपासल्या, पट्टे आवळले, यंत्राला शिव्या घातल्या. मग नालोंगोंना बाजूला घेतलं. "उद्या संध्याकाळीही असंच असेल, तर घशात नळी घालून कंपालाला न्यावं लागेल. नळीतून श्वास देणारं मोठं यंत्र इथे नाही."

"वाटेत टिकतील?"

नाकायेंगा मास्कचे पट्टे पुन्हा तपासायला वळली. नालोंगोंनी गुपचूप नवऱ्याचा चांगला सदरा पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाकायेंगा खाटेशीच बसली, यंत्र छातीवर धरून. पडद्यावर ठिपके छान लुकलुकत होते. तेवढ्यात भेटीची वेळ झाली. पहिला शेजारी लुबेगा, खांद्यावर मटोके केळ्यांचा घड. त्याच्या बायकोने चटईवर गुडघे टेकले.

"कसे आहात, सालोंगो?"

सालोंगोंनी शांतपणे मास्क वर उचलला. "बरा आहे. तुम्ही कसे? मुलं? पाय दुखत होता तो?" मग लुबेगाच्या बायकोची विचारपूस. तेवढ्यात मागून तिची बहीण आली. तिची विचारपूस. पडद्यावरचे ठिपके एकेक करून विझायला लागले.

"जाजा! मास्क!"

"लावतोच. यांच्या गायीचं... विचारायचं राहिलं."

"हे रोज चालतं?"

"रोज," नालोंगो म्हणाल्या. "अख्खं गाव येतं. मी म्हटलं, दोन शब्दांनी काय होतंय!"

"दोन शब्द? इथे पंचायत भरलीये! जाजा, ही हवा तुमचा भाता फुगवून ठेवते. मास्क काढला की भाता मिटतो. मोडक्या बरगड्यांत तो पुन्हा उघडायचं बळ नाही. असंच चाललं तर कंपालाला न्यावं लागेल."

"तोंड झाकून... पाहुण्याशी बोलू?" सालोंगो म्हणाले. "त्यापेक्षा कंपालाला पाठव. तिथे मला... कुणी ओळखत नाही."

"ऐका!" नालोंगो भडकल्या. "उद्धट म्हणवून घेण्यापेक्षा यांना मेलेलं बरं! आणि मी काय, फणसांच्या टिचक्या ऐकत बसू?" सदऱ्याची पिशवी त्यांनी पोटाशी धरली. मग नाक पुसून म्हणाल्या, "शब्द मी बोलते. हुंकार तेवढा तुमचा. घरात तरी दुसरं काय चालतं?"

लुबेगा हसला. नाकायेंगा नाही हसली. तिने मास्क नीट बसवला, यंत्र छातीवर टेकवलं. "भरा बघू हुंकार. तोंड न उघडता."

"म्म," मास्कमधून आलं.

"एऽ," लुबेगा म्हणाला.

"म्म."

"एऽ..."

थोड्या वेळाने ठिपके परत लुकलुकायला लागले, आणि हुंकार चालू असूनही विझले नाहीत. शेजारच्या खाटेवरचा मोडक्या पायाचा म्हातारासुद्धा मधेच "म्म" करून गेला.

त्या संध्याकाळी फुप्फुस उघडंच राहिलं. नालोंगोंनी सदरा पिशवीतून काढून झटकला आणि उशाशी ठेवला.

मग रोज पाहुण्यांना नालोंगो उत्तरं द्यायच्या, वर आपल्या मनाची भरही घालायच्या. "बरे आहेत, आणि झाडावर पुन्हा चढणार नाहीयेत." त्यावर सालोंगोंचा हुंकार जरा लांबायचा. नाकायेंगा पडद्यावर बघत दाब उतरवत गेली, आणि एका सकाळी मास्क निघाला.

नाकावर मास्कचे वळ. सालोंगोंनी आधी पाणी मागितलं नाही. यंत्र उचलून निघालेल्या नाकायेंगाला त्यांनी थांबवलं.

"पोरी, आपलं राहिलंय."

पलीकडच्या वॉर्डातून तिला हाका येत होत्या. तिने यंत्र खाटेवर ठेवलं आणि गुडघे टेकले.

"कसे आहात, जाजा?"

"बरा आहे. तू कशी? आई कशी? झोपतेस का वेळेवर?"

शब्द संपायला बराच वेळ लागला. मग त्यांनी छातीवर हात ठेवून हुंकार भरला, आणि तिने शेवटपर्यंत साथ दिली.