वोइचिकची टाच

लॉरेटा पेलिनो त्या खात्यात आली तेव्हा तिला कामात मौज वाटायची. माणसं विम्यासाठी काय काय करतात! एकाने जिवंत भावाचा मृत्यूचा दाखला आणला होता, आणि भाऊ खाली गाडीत बसून सँडविच खात होता. त्या वेळी घरी गेल्यावर ती नवऱ्याला असे किस्से सांगायची. आता सव्वीस वर्षं झाली होती. नवरा गेला होता, गुडघे बोलायला लागले होते आणि ट्रेंटन शहरातल्या सरकारी इमारतीत पाचव्या मजल्यावर अकरा वकिलांची ती प्रमुख होती. विम्यात फसवणूक करणाऱ्यांवर सरकारतर्फे खटले चालवायचे हे त्यांचं काम. किस्से अजूनही होतेच, पण सांगावेसे वाटत नव्हते.

स्टॅन वोइचिकची फाईल डेव्हन ॲशबीने आणली. डेव्हन तिच्या हाताखालचा सगळ्यात तरुण वकील, हुशार आणि घाईचा. वोइचिक हा छपरं घालणारा कामगार, वय सत्तावन्न. सोमवारी सकाळी सातला कामावर शिडीवरून पडलो आणि उजवी टाच मोडली, असा दावा करून त्याने कामावरच्या अपघाताच्या विम्याचे पैसे घेतले होते. दोन शस्त्रक्रिया आणि आठ महिन्यांचा पगार. विमा कंपनीचा माणूस सहज चौकशीला त्याच्या गल्लीत गेला, तेव्हा समोरच्या म्हातारीने मोठ्या मायेने त्याला आपल्या दारावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. बघा हो, बिचारा कसा पडला! चित्रणात वोइचिक स्वतःच्या घराची पन्हळ साफ करताना पडला होता. दिवस रविवार, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं.

म्हणजे मोडकी टाच घेऊन त्याने एक अख्खी रात्र काढली होती. सकाळी पायाला चिकटपट्टी गुंडाळून, बूट चढवून तो कामावर गेला होता, तिथे पडल्याचं सोंग करायला.

डेव्हनला यापुढचं दिसत होतं. अपघाताच्या कागदावर मुकादमाची सही होती, ड्वेन कॉफलिनची. त्याच मुकादमाच्या सहीने दोन वर्षांत असे पाच दावे गेले होते. डेव्हन म्हणाला, हा मुकादम दर दाव्यामागे आपला वाटा घेत असणार. लॉरेटालाही तसंच वाटलं. पाच सह्या एका हाताच्या असल्या की त्यामागे सहसा भूतदया नसते, एवढं तिला अनुभवाने ठाऊक होतं.

म्हणून तिने वोइचिकपुढे प्रस्ताव ठेवला. पहिलाच गुन्हा आहे, तेव्हा वर्षभर देखरेखीखाली राहा, रक्कम हप्त्याने फेडा, नावावर डाग राहणार नाही. अट एकच, मुकादमाने काय सांगितलं ते शपथेवर बोला.

वोइचिक बचावासाठी सरकारने दिलेल्या वकिलाशेजारी बसला होता. टेबलावर ठेवलेले त्याचे हात तडकलेल्या फळीसारखे दिसत होते.

"माझ्याबद्दल काय हवं ते विचारा, मॅडम," तो म्हणाला. "खोटं बोललो, ते मी बोललो. दुसऱ्याचं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही."

"त्याने सही केलीय, स्टॅन. नाव आमच्याकडे आहेच."

"मग मला कशाला विचारता?"

त्याच्या वकिलाने त्याला बाहेर नेऊन समजावलं. तो परत आला आणि तेच म्हणाला. लॉरेटाने अट सोडली नाही. वोइचिकने न्यायालयात गुन्हा कबूल केला. तुरुंग टळला, तीन वर्षांची देखरेख लागली, पण नावावर डाग बसला तो बसलाच. तिथली मोठी कामं शाळांच्या छपरांची, आणि डाग असलेल्या माणसाला शाळेच्या आवारात घेत नाहीत. बरी झालेली टाच घेऊन तो घरी बसला.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी दुपारी, मुकादम कॉफलिन स्वतःहून पाचव्या मजल्यावर आला. बुटांना डांबर, हातात टोपी. लॉरेटाने त्याला दारातच अडवलं. आधी वकील करा, मग बोला, असं तिने त्याला तीनदा सांगितलं आणि ते कागदावर लिहून त्याची सहीही घेतली.

"वकील लागतो तो भांडायला," कॉफलिन म्हणाला. "मी भांडायला नाही आलो. स्टॅनने शिक्षा घेतली आणि मला फोनसुद्धा केला नाही."

मग तो बोलत राहिला. पाचही माणसं घरी किंवा दुसरीकडे कुठे तरी जखमी झाली होती. छपरांची कंपनी त्यांना आठवड्याला एकोणतीस तासच काम द्यायची, कारण तीस झाले की आजारपणाचा विमा द्यावा लागतो. तासांच्या याद्या तोच लिहायचा. त्या सोमवारी स्टॅन गाडीतून उतरला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. कॉफलिननेच त्याला सांगितलं होतं, त्या शिडीपाशी जा आणि आडवा पड.

"तुम्ही पैसे नसलेल्या माणसाचं हाड मोडलेलं पाहिलंय का? तो दवाखान्यात जात नाही. बसून राहतो, आपोआप बरं होईल म्हणून."

या पाच जणांकडून काय घेतलंस, असं डेव्हनने विचारलं. एकाच्या बायकोने ईस्टरला घरचं सॉसेज पाठवलं होतं, कॉफलिन म्हणाला, तेही लिहून घ्या.

डेव्हनने दोन महिने त्याची बँकेची खाती चाळली. सॉसेजखेरीज काही सापडलं नाही. मग त्याने, कोणी सांगितलं नसताना, कंपनीचे तासांचे कागद मागवले. एकोणतीस, एकोणतीस, एकोणतीस, पानामागून पान. ते घेऊन तो लॉरेटाच्या खोलीत येऊन उभा राहिला.

"यात काहीच बेकायदेशीर नाही ना?" त्याने विचारलं.

"काहीच नाही," लॉरेटा म्हणाली.

कॉफलिन स्वतःहून आला होता आणि सगळं बोलला होता, म्हणून त्याला तीच सवलत मिळाली. वर्षभर देखरेख, नाव स्वच्छ. नियमात अगदी चपखल बसत होतं. सही करताना मात्र लॉरेटाचा हात थांबला. बोलला तो सुटला होता. मित्राचं नाव ज्याने घेतलं नाही त्याच्या कपाळी डाग होता, आणि ती अट तिची स्वतःची होती, कायद्याची नव्हे.

वोइचिकची कबुली रद्द करून त्यालाही सवलत द्यावी, असा अर्ज तिने स्वतः लिहिला. डेव्हनचा विरोध होता. अट आपण घातली, आता आपणच मागे घेतली तर उद्या आरोपींचा प्रत्येक वकील हेच मागेल, असं त्याचं म्हणणं.

"मागू दे," ती म्हणाली. तिच्यात वाद घालायचं त्राण नव्हतं, आणि त्याचं म्हणणं चूक आहे असंही तिला वाटत नव्हतं.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. आपण काय मागतोय हे सरकार पक्षाला कळतंय ना, असं त्यांनी विचारलं. कळतंय, असं ती म्हणाली. अर्ज मंजूर झाला, सहा मिनिटांत.

बाहेर वोइचिक लिफ्टपाशी उभा होता, वजन डाव्या पायावर. त्याने आभार मानले नाहीत. ड्वेनचं काय झालं, एवढंच विचारलं.

"सुटला," लॉरेटा म्हणाली. "पण कंपनीने काढून टाकलं त्याला."

"त्याला दुसरीकडे घेतील?"

"मुकादम म्हणून नाही घेणार कोणी."

"म्हणजे मी तोंड उघडलं नाही ते फुकटच गेलं," वोइचिक म्हणाला. आवाजात राग नव्हता.

तसं नाही, असं म्हणावं असं तिला वाटलं. पण सव्वीस वर्षं ती साक्षीदारांना ताकीद देत आली होती, की खात्री नसेल ते बोलू नका. लिफ्ट आली तेव्हा त्याने हाताने दार धरून ठेवलं. तिचं लंगडणं त्याच्या केव्हाच लक्षात आलं होतं. उतरता उतरता त्याने विचारलं, कुठला गुडघा? डावा, ती म्हणाली. पावसाळी हवेत जास्त दुखत असेल, तो म्हणाला, माझी टाचही तशीच.

तळमजल्यावर तो बसथांब्याकडे गेला. तिने कोपऱ्यावरून टोमॅटो पायचा, म्हणजे तिथल्या पिझ्झाचा, एक तुकडा घेतला आणि पायरीवर उभ्यानेच खाल्ला. अडीचला सगळ्या वकिलांची बैठक होती.