वठलेल्या आंब्याची डोंगी

कुठलंही लाकूड समोर आलं की मिस्त्री आधी बोटांच्या पेरांनी त्यावर टकटक करत, कान लावत आणि म्हणत, "ठैरो भिया, अजून बोलतंय." म्हणजे लाकूड अजून जाड आहे, तासायला जागा आहे. मनावर गावात माझं लोखंडी सामानाचं दुकान आणि शेजारी त्यांचा सुतारकामाचा ओटा. टकटक थांबली की मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

घराणं देवासचं, तिथल्या मराठी दरबाराबरोबर इकडे आलेलं. खिळे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ते हे ऐकवत. आरागिरणीत उमेदीची वर्षं गेली आणि त्यांचे कानही तिथेच गेले. हाक मारली तर वळत नसत. चहाचा ग्लास दिसला की मात्र बरोबर वळत. बहिरे म्हटलेलं खपत नसे. "माणसांचं ऐकू येत नसेल, लाकडाचं येतं!" आम्ही हसायचो. असा एखादा हट्टी माणूस तुमच्याही शेजारी असेलच.

त्यांची थोरली बहीण नर्मदाकाठच्या एका गावात दिलेली. तिचा नवरा भाड्याच्या नावेतून जाताना बुडाला, तेव्हापासून तिने नावेत पाऊल ठेवलं नव्हतं. पुढे धरणाचं पाणी चढलं. गाव उठून गेलं, पण टेकाडावरच्या घरात अक्का एकटीच राहिली आणि चहूकडून पाण्याने वेढली गेली. धान्य नावाडी पोचवत. समजवायला गेलं की म्हणायची, "परक्याच्या नावेत मी बसायची नाही. माझ्या भावाने घडवलेली असेल तर बसेन."

आम्हाला वाटलं, म्हातारीने आम्हाला वाटेला लावलं. मिस्त्रींना मात्र तो शब्द लागला. "भाऊबीजेला आणतो अक्काला," म्हणाले.

पाण्याकाठी एक आंबा वठून उभा होता. त्याला हळदकुंकू वाहून, हात जोडून त्यांनी तो पाडला. जन्मभर दारं आणि खाटा केलेला हा माणूस एका खोडातून डोंगी कोरायला बसला. अक्काला धान्य पोचवणारा नावाडी म्हणाला, "काका, बाहर से नापकर खूँटियाँ ठोक लो. अंदर से खूँटी दिखे तो रुक जाना." मिस्त्रींना तो अपमान वाटला. "आमच्या कानाला खुंट्या लागत नाहीत."

खोडाच्या पोटात निखारे टाकायचे, जळलेलं वाकसाने तासायचं, पुन्हा निखारे. हातांना फोड आले तरी थांबत नव्हते. भाऊबीज तोंडावर आली होती. त्या दिवशी मी शेजारीच उभा होतो. त्यांनी तळाला टकटक केलं, कान लावला. "ठैरो, अजून बोलतंय." आवाज पत्र्यासारखा पातळ झालेला मला ऐकू येत होता. मी ओरडलो, "मिस्त्री, बस्स!" त्यांना ऐकूच आलं नाही. वाकस आरपार गेला.

त्यांनी भोकात बोट घालून पाहिलं. मग म्हणाले, "नाही आलं रे ऐकू." हे त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं.

लाकडाचा तुकडा, कापूस आणि राळ घालून त्यांनी ठिगळ मारलं. भाऊबीजेला डोंगी एकट्यानेच वल्हवत नेली. मी नावाड्याबरोबर मागून गेलो. अक्का गाठोडं घेऊन काठाशी उभी होती. खरंच निघाली होती हो! तिने पाय उचलला आणि मिस्त्रींनी तिचा हात धरला.

"बसू नको, अक्का. तळ फुटलाय. दोघांना धरायची नाही."

"मग रे?"

"मग मी राहतो ना."

मी म्हटलं, दोघंही आमच्या नावेत या. अक्का घराकडे वळली होती, आणि तिला एकटी टाकून ते येणार नव्हते. तिने तिथेच त्यांना ओवाळलं.

थंडीत मिस्त्रींना ताप भरला. नावाड्याने निरोप आणला, मी डॉक्टरला घेऊन निघालो. पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

अक्का म्हणाली, "त्याच्याच नावेतून न्या." भावाचं डोकं मांडीवर घेऊन ती डोंगीत बसली, त्या ठिगळावरच. आमच्या नावेने दोर बांधून डोंगी ओढली. सबंध पाणी ओलांडेपर्यंत माझा जीव त्या ठिगळात अडकला होता.

काठाला लागल्यावर अक्काने लुगड्याचा काठ चाचपून पाहिला. मग ती वाकली, आणि आम्ही सगळे मिस्त्रींशी बोलायचो तशी, अगदी कानाशी तोंड नेऊन ओरडली, "भाऊ, कोरडं आहे रे!"