भिंतीपलीकडून ऐकलेली कादंबरी

आज पाकीट चिकटवायला डिंकाची बाटली उघडली आणि त्या वासानं मला काष्टीतल्या भाड्याच्या खोलीत नेलं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी तिथं मास्तर होतो, एकटाच राहायचो. पहिली कादंबरी प्रकाशकाकडे पाठवण्याआधी रोज शाळेतून आल्यावर मोठ्यानं वाचून तपासायचो आणि चुकलेल्या ओळीवर कागदाची पट्टी डिंकानं चिकटवायचो.

एके दिवशी पातळ भिंतीपलीकडलं शिलाई मशीन थांबलं. शेजारच्या अमिनाचाची म्हणाल्या, "मास्तर, तुमची सुमन परवाच माहेरी गेल्ती न्हवं? मग आज सासरी भाकऱ्या कशी थापती?"

मी कादंबरीची पानं मागं उलटली. चूक खरीच होती.

"लई दिस ऐकतीय मी," त्या म्हणाल्या. त्याही एकट्याच असायच्या. "पुढं काय हुतं तिचं?"

शेवट अजून मनासारखा उतरला नव्हता. "पुस्तक छापून आलं की वाचून दाखवतो, चाची."

पुस्तक आलं तेव्हा माझी कर्जतला बदली झाली होती. जाऊ जाऊ म्हणत वर्ष गेलं. गेलो, तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप होतं; त्या गाव सोडून कुठं गेल्या, कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढं काय होतं, असं इतक्या ओढीनं मला पुन्हा कुणी विचारलं नाही.